गाय गाभडली, घरात ताप आला. आता जनावरे विकायची का?

पत्र

आमच्याकडे चार गाई, सहा शेळ्या, एक कुत्रा आणि एक मांजर आहे. दीड महिन्यापूर्वी एक गाय सातव्या महिन्यात गाभडली. वार पडत नव्हती, ती माझ्या नवऱ्याने हात घालून काढली. मेलेले वासरू आणि वार उकिरड्यावर टाकली. तिथून थोडी कुत्र्याने ओढून नेली. आता तीन आठवडे झाले, नवऱ्याला रोज संध्याकाळी ताप येतो, रात्री अंथरूण भिजेल इतका घाम येतो, कंबर आणि गुडघे धरतात. दवाखान्यातून पाच दिवसांच्या गोळ्या आणल्या. ताप उतरला आणि पुन्हा आला. मला चौथा महिना चालू आहे. ताकद यावी म्हणून सासूबाई मला रोज धारोष्ण दूध देतात. शेजारी म्हणतात, बोभाटा व्हायच्या आत ती गाय विकून मोकळे व्हा, नाहीतर तुमचे दूध कोणी घेणार नाही. माझी आई म्हणते, मूल होईपर्यंत कुत्रा-मांजर घराबाहेर काढ. त्यात दोन महिन्यांपूर्वी या कुत्र्याने माझ्या सहा वर्षांच्या मुलाच्या हाताला दात लावले होते. रक्त थोडेसेच आले, आम्ही पुसून टाकले. सासूबाई म्हणतात, पिढ्यान्पिढ्या जनावरांत वाढलो, कोणाला काही झाले नाही. मी कोणाचे ऐकू?

उत्तर

ताई,

तुमच्या पत्रातल्या दोन गोष्टी मी पुन्हा पुन्हा एकत्र वाचल्या. नवऱ्याने हात घालून वार काढली, आणि त्यानंतर तीनेक आठवड्यांनी त्यांना ताप सुरू झाला. या दोन्ही गोष्टी दवाखान्यात एकाच वेळी सांगितल्या गेल्या का? बहुधा नसाव्यात. माणूस दवाखान्यात जातो तेव्हा ताप सांगतो, घाम सांगतो, गुडघे सांगतो. गोठ्यात काय घडले ते सांगावे असे त्याच्या मनातही येत नाही. गर्दीच्या वेळी डॉक्टर विचारतीलच असे नाही. इकडे गाय बघायला पशुवैद्यक आले, तरी घरात कोणाला ताप आहे हे त्यांच्या कानावर कोणी घालत नाही. जनावरांकडून माणसांकडे येणारे आजार नेमके इथे निसटतात. तुमच्या सगळ्या प्रश्नांकडे मी येते, पण आज एकच काम होण्यासारखे असेल तर ते हे करा: माणसाच्या डॉक्टरांना गाईची हकीकत सांगा आणि गाईच्या डॉक्टरांना माणसाची.

मी पशुवैद्यक आहे. तुमच्या यजमानांना मी तपासलेले नाही, त्यामुळे निदान मी करणार नाही. पण मला दाट शंका आहे ती ब्रुसेलोसिसची. जनावरांत याला सांसर्गिक गर्भपात म्हणतात. गाभणकाळाच्या उत्तरार्धात गाय गाभडते, वार अडकते, आणि त्या वारेत, गर्भजलात, मेलेल्या वासरात या आजाराचे जंतू प्रचंड संख्येने असतात. उघड्या हातांनी वार काढताना ते बोटांवरच्या बारीक चिरांतून, डोळ्यांत उडालेल्या थेंबातून, श्वासातूनही शरीरात शिरतात. आजार दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, कधी काही महिनेही. मग चढ-उतार होणारा ताप, रात्रीचा घाम, सांधे आणि कंबर धरणे, अंगात त्राण नसणे. पुरुषांत कधी वृषणाला सूज येते. तसे काही असेल तर संकोच न करता सांगायला सांगा. हा ताप मलेरिया, टायफॉइड किंवा क्षय समजून महिनोन्महिने चुकीच्या औषधांवर काढला जातो, आणि तोवर जंतू मणक्यात, सांध्यांत, क्वचित हृदयाच्या झडपांवर जाऊन बसतात.

तेव्हा उद्या दवाखान्यात गेल्यावर हे असेच्या असे सांगा: "आमची गाय सातव्या महिन्यात गाभडली. मी हातमोजे न घालता वार काढली. घरात कच्चे दूध प्यायले जाते. साधारण तीन आठवड्यांनी ताप सुरू झाला, पाच दिवसांच्या गोळ्यांनी उतरून परत आला. ब्रुसेलोसिसची तपासणी करता येईल का?" रक्ताच्या तपासणीने शंकेला बळ मिळते, आणि रक्तातून जंतू वाढवून बघण्याची तपासणीही असते, तिला वेळ लागतो. रक्त प्रयोगशाळेत जाईल तेव्हा चिठ्ठीवर ही शंका लिहायला डॉक्टरांना विनंती करा. प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना नमुने हाताळताना हा आजार लागल्याची कितीतरी उदाहरणे आहेत. आधी कळले तर ती माणसे काळजी घेतात.

निदान पक्के झाले तर घाबरू नका, हा बरा होणारा आजार आहे. पण औषध लांबते. साधारणपणे दोन प्रतिजैविके एकत्र, सहा आठवडे. पहिल्या आठवड्या-दहा दिवसांत ताप जातो, माणूस कामाला लागतो आणि गोळ्या कपाटात राहतात. जंतू पेशींच्या आत दडून बसणारे आहेत, म्हणून अर्धवट उपचार अंगाशी येतो. पूर्ण औषध घेऊनही शंभरातल्या पाच ते पंधरा जणांना आजार उलटतो, मग अर्धवट घेणाऱ्यांचे काय सांगावे! सहा आठवड्यांच्या गोळ्या तुमच्या हातात ठेवा आणि रोज तुम्ही मोजून द्या. पाच दिवसांच्या गोळ्यांनी ताप का परतला असावा, तेही आता तुमच्या लक्षात येईल. त्यात डॉक्टरांचा दोष काढू नका. त्यांच्यासमोर अर्धीच हकीकत होती.

आता तुमच्याबद्दल. धारोष्ण दूध आजपासून बंद. उद्यापासून नाही, आजपासून. आणि पुढच्या वेळी दवाखान्यात जाल तेव्हा स्वतःच्या रक्ताच्या तपासणीचेही विचारा, ताप नसला तरी. गरोदरपणात या आजारावर उपचार झाले नाहीत तर गर्भपाताचा धोका वाढतो. वेळेवर कळले तर उपचार आहेत. फक्त औषधे वेगळी असतात. यजमानांना ज्या गोळ्या मिळतील त्यातल्या काही तुम्हाला चालणार नाहीत, म्हणून घरातल्या घरात त्यांची वाटणी करू नका. सासूबाई आणि मुलगाही तेच दूध पीत असतील तर त्यांचेही नाव डॉक्टरांना सांगा.

दूध सोडायची मात्र गरज नाही. उतू येईपर्यंत उकळलेल्या दुधात हे जंतू टिकत नाहीत. दूध ६३ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे किंवा ७२ अंशांना १५ सेकंद तापवले तरी ते मरतात, पाश्चरायझेशन म्हणतात ते हेच. उकळल्याने दुधातली ताकद जात नाही. प्रथिने राहतात, कॅल्शियम राहते. फक्त साय, लोणी, चीज यांसारखे काही करणार असाल तर तेही उकळलेल्या दुधाचेच करा, कारण कच्च्या दुधातले जंतू त्यातही उतरतात.

सासूबाईंचे म्हणणे मी हसण्यावारी नेणार नाही. त्यांनी जनावरे सांभाळून घर उभे केले आहे. पण "कोणाला काही झाले नाही" हे आपल्याला कसे कळणार? वर्षानुवर्षे अंगावर काढलेली कंबरदुखी, दर काही महिन्यांनी येऊन जाणारा ताप, कारण न कळलेला गर्भपात यांना त्या काळात नावच मिळाले नाही. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा त्यांना एक गोष्ट सांगा.

माल्टा बेटावर ब्रिटिश सैनिक वर्षानुवर्षे अशाच तापाने अंथरुणाला खिळत. १८८७ साली डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने त्या तापाचा जंतू शोधून काढला. पण तो येतो कुठून, हे कळायला आणखी अठरा वर्षे गेली. १९०५ मध्ये थेमिस्टोक्लिस झामित या माल्टाच्याच डॉक्टरने शेळ्यांचे रक्त तपासले. अगदी धडधाकट, रोज दूध देणाऱ्या, कसलेही लक्षण नसलेल्या शेळ्या होत्या त्या, आणि त्यांच्यात तो आजार निघाला. पुढच्या वर्षी सैनिकांना शेळीचे कच्चे दूध देणे बंद केले आणि छावणीतला ताप झपाट्याने ओसरला. तिकडे डेन्मार्कमध्ये बर्नहार्ड बँग यांनी १८९७ मध्येच गाभडणाऱ्या गाईंमधला जंतू शोधला होता. म्हणजे माणसांचे डॉक्टर एक जंतू ओळखून होते, गुरांचे डॉक्टर एक, आणि हे दोन्ही एकाच घरातले आहेत असे कोणाच्या ध्यानात आले नव्हते. ते आले अमेरिकेतल्या ॲलिस इव्हान्स या संशोधक बाईंच्या. १९१८ मध्ये त्यांनी दाखवून दिले की हे दोन जंतू जवळजवळ सारखेच आहेत, आणि बजावले की गाईचे कच्चे दूध पिऊ नका. मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी ते मानले नाही. पुढे खुद्द इव्हान्सबाईंना हाच आजार लागला आणि कित्येक वर्षे तो उलटत राहिला. शेवटी जगाला त्यांचे ऐकावे लागले.

ही गोष्ट मी एवढी सविस्तर सांगितली, कारण तुमच्या घरातही तेच चालले आहे. गाय एकीकडे, ताप एकीकडे.

आता त्या गाईकडे वळू. गाय इतर कारणांनीही गाभडते. लेप्टोस्पायरा, लिस्टेरिया यांसारखे जंतू, क्यू ताप नावाचा आजार, कधी साधी इजा किंवा विषबाधा. म्हणून आधी तपासणी. तुमच्या पशुवैद्यकांना बोलवा आणि चारही गाईंचे व शेळ्यांचे रक्त तपासायला सांगा. दुधावरूनही चाचणी करता येते. बोलावताना यजमानांचा ताप आणि तुमचे दिवस गेलेले असणे हे दोन्ही सांगा, त्याने त्यांच्या कामाची तातडी आणि पद्धत दोन्ही बदलते. निकाल येईपर्यंत ती गाय वेगळी बांधा, तिची धार सर्वांत शेवटी काढा, आणि धार काढणाऱ्याने नंतर हात साबणाने धुवावेत. तिचे दूध तूर्त विकू नका.

आणि गाय विकू नका. शेजारी वाईट हेतूने सांगत असतील असे मला वाटत नाही, तुमचे नुकसान वाचावे म्हणूनच सांगत असतील. पण ब्रुसेलोसिस झालेली गाय बहुधा एकदाच गाभडते. पुढच्या खेपेला नीट विते, वासरू जगते, आणि सगळे म्हणतात, गाय सुधारली. जंतू मात्र तिच्या कासेत आणि गर्भाशयात राहतात. दुधातून आणि दर वेताला बाहेर पडत राहतात. विकत घेणाऱ्याला तिच्या चेहऱ्यावर काहीच दिसणार नाही. त्याच्या घरीही कोणी पोटुशी असेल, कोणी वार काढेल. ही गाय तुम्ही ओळखता म्हणून निदान काळजी घ्याल, त्याला ती संधीही मिळणार नाही.

आजारी जनावर विकल्याने काय होते याचे फार मोठे उदाहरण मलेशियातले आहे. १९९८-९९ मध्ये तिथे निपाह विषाणूची पहिली साथ आली. आधी डुकरांना खोकला झाला, मग डुकरे पाळणारी माणसे मेंदूज्वराने आजारी पडू लागली. सुरुवातीला तो डासांमुळे होणारा जपानी मेंदूज्वर समजला गेला. धूर फवारला, लसी टोचल्या. पण आजारी पडत होते ते मोठे कर्ते पुरुष, आणि तेही डुकरांत वावरणारे, मुले नव्हेत. डुकरांचा खोकला आणि माणसांचा ताप एकत्र मांडून बघायला उशीर झाला, आणि तेवढ्यात साथीच्या भागातली डुकरे विकली जाऊन दुसऱ्या राज्यात गेली. आजार त्यांच्याबरोबर गेला. तो पुढे सिंगापूरच्या कत्तलखान्यातल्या कामगारांपर्यंत पोहोचला. शंभरावर माणसे दगावली आणि सुमारे दहा लाख डुकरे मारावी लागली. तुमची एक गाय म्हणजे निपाहची साथ नव्हे, हे मला कळते. पण रोगाला वाहन कसे मिळते ते यातून समजते.

तपासणीत आजार निघाला तर त्या गाईचे पुढे काय करायचे, हे पशुवैद्यक तुम्हाला तिथल्या नियमांप्रमाणे सांगतील. बऱ्याच देशांत हा आजार सरकारी पशुवैद्यकीय खात्याला कळवावा लागतो, काही ठिकाणी जनावराची भरपाईही मिळते. गाईवर औषधोपचार करून आजार मुळापासून जात नाही, हे कटू आहे पण ऐकून ठेवा. माणसाची औषधे गाईला आणि गाईची इंजेक्शने माणसाला देण्याच्या फंदात कोणी पडू नये.

दूध घेणाऱ्यांचे काय, हा प्रश्न तुम्हाला आत कुठेतरी टोचतो आहे, पत्रात ते जाणवले. माझे मत स्पष्ट आहे: त्यांना सांगा. "आमच्या एका गाईची तपासणी चालू आहे, तिचे दूध आम्ही देत नाही, बाकीचे दूध उकळूनच घ्या." एवढे पुरे. दोन गिऱ्हाइके तुटतीलही. पण उद्या त्यांच्याच घरात ताप निघाला आणि तुम्हाला माहीत होते हे कळले, तर सगळी तुटतील, आणि तुम्हालाही रात्री झोप लागणार नाही.

वार पुन्हा अडकली तर? वार पडायला बारा तासांहून जास्त वेळ लागला तर पशुवैद्यकांना बोलवा. ओढू नका. ओढल्याने गर्भाशयाला इजा होते, आणि ओढणाऱ्याचे काय होते ते तुम्ही बघताच आहात. वीत असलेल्या जनावराला हात लावायचाच असेल तर खांद्यापर्यंतचे प्लास्टिकचे हातमोजे, तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा. पडलेली वार किंवा मेलेले वासरू उकिरड्यावर कधीच जाऊ देऊ नका. कुत्र्यांनी उकरणार नाही इतक्या खोल खड्ड्यात पुरा, विहीर-ओढ्यापासून लांब, किंवा जाळा. जागा जंतुनाशकाने धुवा. ओल्या, सावलीतल्या शेणामातीत हे जंतू आठवडेच काय, महिनेही तग धरतात. कडक ऊन, उष्णता आणि साध्या जंतुनाशकांपुढे मात्र ते टिकत नाहीत. दीड महिन्यापूर्वीचा उकिरडा आता यजमानांना उपसू देऊ नका. पशुवैद्यकांना दाखवा आणि ते सांगतील तसे करा.

तुम्ही स्वतः मूल होईपर्यंत वीत असलेल्या जनावरापाशी जाऊच नका, आणि शेळ्यांच्या बाबतीत तर अजिबात नको. शेळ्या-मेंढ्यांच्या वारेतून गरोदर बाईला त्रास देणारे आणखीही काही आजार येतात. क्यू तापाचे जंतू तर वाळलेल्या धुळीतूनही उडतात. नेदरलँड्समध्ये २००७ ते २०१० या काळात शेळ्यांच्या फार्ममधून सुटलेल्या या जंतूने चार हजारांहून जास्त माणसे आजारी पडली, त्यातली कितीतरी शेळीच्या जवळही गेली नव्हती. गोठ्यातले माखलेले कपडे धुण्याचे कामही तूर्त दुसऱ्या कोणाकडे द्या. हे लाड नव्हेत. घरात कोणी कुरकुर केली तर हे उत्तर वाचायला द्या.

मुलाला दात लागले त्याबद्दल तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. मला तिथे थांबावेसे वाटते. दोन महिने झाले आणि कुत्रा आजही खातो-पितो, हिंडतो, म्हणजे त्या दिवशी त्याच्या लाळेत रेबीजचा विषाणू नव्हता. लाळेत विषाणू येऊ लागल्यावर कुत्रा दहा दिवसांत आजारी पडून मरतो. दहा दिवस लक्ष ठेवा असे सांगतात ते म्हणूनच. तेव्हा त्या चाव्याची चिंता सोडा. पण पुढच्या वेळी पुसून चालणार नाही. कुत्रा, मांजर, माकड, कोणीही चावले किंवा ओरबाडले, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पूर्ण पंधरा मिनिटे धुवा. घड्याळ बघून. विषाणू धुऊन काढण्याची तीच पहिली आणि सर्वांत स्वस्त संधी असते. मग त्याच दिवशी दवाखाना. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचे ते लस सुरू केल्यानंतर. लस लांबवून नव्हे. रक्त आले असेल, किंवा फुटलेल्या कातडीला, डोळ्याला, तोंडाला लाळ लागली असेल, तर लसीबरोबर जखमेत आणि तिच्याभोवती इम्युनोग्लोब्युलिनही, म्हणजे विषाणूशी लगेच लढणारी तयार प्रतिद्रव्ये, टोचावे लागते. रेबीजची लक्षणे एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि लक्षणांआधी नीट लस मिळाली तर जवळजवळ नेहमीच वाचतो. तरी जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसे याने मरतात. शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा कारण कुत्राच असतो आणि मरणाऱ्यांत सुमारे चाळीस टक्के पंधरा वर्षांखालची मुले असतात. मुले घरी सांगत नाहीत, रागावतील म्हणून. तुमच्या मुलाला आजच जवळ घेऊन सांगा की कुत्र्याने काही केले तर लगेच सांग, तुला कोणी बोलणार नाही.

कुत्र्याला या आठवड्यात रेबीजची लस द्या आणि पशुवैद्यक सांगतील तेव्हा पुन्हा द्या. एखाद्या भागातल्या सत्तर टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर तिथली रेबीजची साखळी तुटते, म्हणून हे तुमच्या एकट्या घराचे काम नाही, शेजाऱ्यांशीही बोला. त्याने वार खाल्ली हेही पशुवैद्यकांना सांगा, कुत्र्यालाही ब्रुसेलोसिस होऊ शकतो. कापलेल्या जनावराची कच्ची आतडी, फुप्फुसे, यकृत त्याला कधी घालू नका, आणि जंताचे औषध वेळच्या वेळी द्या. तसल्या खाण्यातून कुत्र्याच्या पोटात वाढणाऱ्या एका फीतकृमीची अंडी माणसाच्या पोटात गेली तर यकृतात पाण्याने भरलेल्या मोठ्या गाठी होतात.

एक सांगायचे राहात होते. गाय-बैलालाही रेबीज होतो. तोंडातून लाळ गळते, गिळता येत नाही, आवाज बदलतो, आणि घरच्यांना वाटते घशात काहीतरी अडकले. मग कोणीतरी तोंडात हात घालते. असे दिसले तर हात घालण्याआधी पशुवैद्यकांना फोन करा.

मांजराला घराबाहेर काढू नका. आईंची भीती मांजरातून येणाऱ्या टोक्सोप्लाझ्मा या परजीवीची आहे आणि ती निराधार नाही, गरोदरपणात पहिल्यांदाच लागण झाली तर बाळाला धोका असतो. पण मांजराच्या विष्ठेतून पडलेली या परजीवीची अंडी लागण करण्याजोगी व्हायला किमान एक दिवस जातो. रोजच्या रोज दुसऱ्या कोणी ती साफ केली तर धोका फार कमी होतो. मांजराला कच्चे मांस घालू नका, तुम्ही मांस खात असाल तर पूर्ण शिजवून खा, भाज्या धुऊन घ्या, मातीत हात घालताना हातमोजे घाला. बऱ्याच बायकांना ही लागण मांजरापेक्षा मातीतून आणि अर्धकच्च्या मांसातून होते.

उंदरांचे एवढेच: चारा-खाद्य झाकून ठेवा, आणि गोठ्यात पाणी साचले असेल तर अनवाणी जाऊ नका, विशेषतः पायाला भेगा असतील तर. उंदरांच्या आणि गुरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस येतो. एखादे जनावर अचानक मेले आणि नाकातोंडातून न गोठणारे काळपट रक्त येत असेल, तर ते कापू नका, सोलू नका, कोणालाही मांस देऊ नका. काळपुळी, म्हणजे अँथ्रॅक्स, असेल तर उघड्या हवेत त्याचे बीजाणू तयार होतात आणि मातीत अनेक दशके राहतात.

आणि उगाच भिऊ नये अशाही गोष्टी आहेत. लंपी त्वचा रोग माणसाला होत नाही. लाळ्या-खुरकूत माणसाला लागणे इतके दुर्मीळ आहे की त्यासाठी झोप उडवून घ्यायला नको. जनावरांची दैना होते, दूध आटते, ते दुःख खरेच आहे. पण मुलाला गोठ्यापासून तोडायचे कारण ते नाही.

तुमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर जनावरे काढू नका, बंद करा ते कच्चे दूध पिणे, उघड्या हातांनी वार काढणे आणि ती उकिरड्यावर टाकणे. माणसाला होणाऱ्या ज्ञात संसर्गजन्य आजारांपैकी साधारण साठ टक्के प्राण्यांकडून येऊ शकतात. म्हणून माणसाने प्राण्यांशिवाय जगावे असे कोणी म्हणत नाही आणि ते शक्यही नाही. पण पुढे नवे जनावर आणाल तेव्हा आधी त्याची तपासणी करून घ्या आणि निदान तीस दिवस बाकीच्यांपासून वेगळे ठेवा. वळू बाहेरून आणत असाल तर त्याचीही तपासणी हवी.

तुमच्याकडे कालवडी असतील तर ब्रुसेलोसिसच्या लसीबद्दल विचारा. ती साधारण चार ते आठ महिन्यांच्या कालवडींनाच देतात, नर वासरांना नाही. लसीतले जंतू जिवंत असतात, फक्त दुबळे केलेले, आणि चुकून सुई लागली किंवा डोळ्यात थेंब गेला तर माणसालाही त्यांची लागण होते. तसे कोणाला झालेच तर जागा धुऊन लगेच डॉक्टरांकडे जायला हवे. टोचणीच्या दिवशी कालवडी धरायचे काम दुसऱ्या कोणाला तरी करू द्या. तुम्ही त्या दिवशी घरात थांबा.